स्लॅबच्या आधी माळी

पुनर्विकासाच्या सभेत प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो. कार्पेट किती वाढणार, कॉर्पस किती, भाडं किती महिन्यांचं आगाऊ, पार्किंग एक की दोन. हे सगळं उरकून चहा आला की मागच्या रांगेतून कोणीतरी विचारतं, "आणि आपली बाग?" विकासकाचा माणूस हसून ब्रोशरचं शेवटचं पान उघडतो. पानावर पोडियम गार्डन, म्हणजे पार्किंगच्या छतावरची बाग, असतं. गुळगुळीत हिरवळ, ओळीत उभे पाम, बाकावर पुस्तक वाचणारी बाई. सभा माना डोलावते आणि विषय संपतो.

ठाण्याच्या नौपाड्यात हे गल्लोगल्ली चालू आहे. घंटाळी, विष्णुनगर, ब्राह्मण सोसायटी, भास्कर कॉलनी, राममारुती रोडच्या आतले रस्ते. तळमजला अधिक दोन-तीन मजल्यांच्या इमारती पाडल्या जाताहेत आणि त्याच भूखंडांवर टॉवर चढताहेत. घर नवं, सोसायटी नवी, मग बागही 'मॉडर्न' हवी, असं सगळ्यांनाच वाटतं. ती करून देणारा लँडस्केपवाला मात्र सगळ्यात शेवटी बोलावला जातो. रंगकाम झालेलं असतं, लिफ्टचं प्रमाणपत्र आलेलं असतं, तेव्हा कुठे त्याला फोन जातो. तोवर बागेचे सगळे मोठे निर्णय इतरांनी घेऊन टाकलेले असतात. माती किती खोल, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवलेलं असतं. नळ कुठे, हे प्लंबरने. झाड कुठे लावायचं नाही, हे अग्निशमनाच्या नियमाने. लँडस्केपवाल्याच्या वाट्याला उरतात कुंड्या.

अंगण होतं तेव्हा

जुन्या नौपाड्यातल्या बागांसाठी कोणी सल्लागार नेमला नव्हता. पण त्यांना आराखडा नव्हता असं मात्र नाही. इथे स्थिरावलेल्या अनेक कुटुंबांनी कोकणातल्या घराची रीत सोबत आणली होती. पुढच्या दारी तुळस, जास्वंद, अनंत, कुंपणाशी प्राजक्त. आंबा-फणस मागच्या अंगाला, कारण त्यांची मुळं पसरतात आणि फळं कौलांवर पडतात. न्हाणीचं पाणी पाटाने आळ्यात जायचं आणि त्या आळ्यात केळ नि अळू. म्हणजे पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार हे आधी ठरायचं, झाड त्यानंतर. आज सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी बागेला वापरायचा आग्रह धरला जातो, त्यामागचा हिशेब परसातल्या केळीपेक्षा वेगळा नाही.

त्या बागा जगल्या त्याचं मुख्य कारण, त्यांची माती थेट जमिनीला जोडलेली होती. इमारतीने भूखंडाचा एक भाग व्यापला होता, बाकीचा मोकळा होता. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्यातला काही भाग ही अंगणं पोटात घेत. आता अंगणांवर पेव्हर ब्लॉक आले आणि पाण्याला रस्त्याशिवाय वाट उरली नाही. जोराचा पाऊस झाला की वंदना एसटी स्थानकाच्या परिसरात पाणी तुंबतं, त्यामागे सखल जागा आणि नाले ही कारणं आहेतच. पण उघडी माती कमी होत गेल्याने त्या कारणांना बळ मिळालं.

नियमही छोट्या भूखंडाच्या मदतीला फारसे येत नाहीत. राज्याच्या २०२०च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत, ज्याला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के मनोरंजनाची मोकळी जागा ठेवावी लागते. ०.४ हेक्टर म्हणजे जवळजवळ एक एकर. नौपाड्यातल्या एकट्या सोसायटीचा भूखंड सहसा एवढा नसतोच. चार सोसायट्या एकत्र आल्या तर गोष्ट वेगळी. एरवी बागेसाठी उरतात तीन जागा: कडेची पट्टी, पोडियम आणि गच्ची.

त्यातली कडेची पट्टी नकाशावर मोठी दिसते, पण ती बागेची नसते. उंच इमारतीला आगीचा बंब फिरण्यासाठी ६ मीटरची मोकळी वाट ठेवावी लागते आणि राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे तिला ४५ टनांपर्यंतचा बंब पेलता आला पाहिजे. तिथे आळं नाही, कारंजं नाही, गझिबो नाही. काही सोसायट्या ताबा मिळाल्यावर त्या वाटेवर कुंड्यांच्या रांगा लावतात. दिसायला छान दिसतं, पण आग लागली की त्याच कुंड्या बंबाला आडव्या येतात.

एक फूट मातीचं वजन

राहिलं पोडियम आणि गच्ची. दोन्ही म्हणजे स्लॅब. इथे बागेचा पहिला प्रश्न वजनाचा असतो.

भिजलेल्या मातीचं वजन घनमीटरला सुमारे १,८०० किलो धरतात. एक फूट जाडीचा थर घातला तर दर चौरस मीटरवर साडेपाचशे किलोच्या आसपास भार येतो. दहा बाय दहा फुटांचा एक वाफा म्हणजे पाच टन. आता दुसरी बाजू बघा. आपल्याकडे बांधकामाच्या मानकात वावर असलेल्या साध्या गच्चीसाठी चौरस मीटरला सुमारे १५० किलो आणि राहत्या खोलीसाठी २०० किलो जिवंत भार धरतात. म्हणजे बागेचा विचार न करता बांधलेल्या गच्चीवर एक फुटाचा वाफा टाकणं म्हणजे तिच्या हिशेबाच्या तिपटीहून अधिक ओझं कायमचं ठेवणं.

हिरवळीला सहा ते नऊ इंच माती पुरते. झुडपांना दीड फूट हवी. बकुळ किंवा चाफ्यासारखं छोटं झाड उभं राहायचं असेल तर तीन-चार फूट. ब्रोशरमधल्या पामांना कलाकाराने किती माती दिली, हे चित्रात दिसत नाही. पुढे ती दीड फूट निघते आणि पाम दुसऱ्या पावसाळ्यातल्या वाऱ्याला कलतात. कोकोपीट आणि गांडूळखत मिसळून मातीचं ओझं कमी करता येतं, झाडं खांबांच्या डोक्यावर येतील अशी बसवता येतात, स्लॅब काही भागात खाली घेऊन खोल आळं काढता येतं. हे सगळं जमतं, पण सळया बांधण्याआधी. काँक्रीट पडल्यावर त्यातलं मातीचं मिश्रण तेवढं हातात राहतं.

स्लॅबवरची बाग खालून वर पाहिली की कळते. तळाशी स्लॅब. त्यावर वॉटरप्रूफिंगचा पडदा आणि तो फाटू नये म्हणून सिमेंटचा थर, शंभराला एक उतार देऊन पाण्याच्या तोंडाकडे नेलेला. मग मुळं अडवणारा जाड पडदा. मग ड्रेन सेल, म्हणजे अंड्याच्या ट्रेसारख्या दिसणाऱ्या काळ्या प्लास्टिकच्या जाळ्या. झिरपलेलं पाणी त्यांच्या पोकळीतून वाहून जातं. त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड, जे पाणी सोडतं आणि माती धरतं. आणि या सगळ्यावर माती. यातला कुठलाही थर वरून दिसत नाही, म्हणून काटकसर इथेच होते. कापड गाळलं की माती जाळीत उतरते, तोंडं बुजतात आणि हिरवळीखाली डबकं साठतं. पानं पिवळी पडतात, माळी म्हणतो पाणी कमी पडतंय आणि आणखी पाणी घालतो.

माती टाकण्याआधी एक परीक्षा घेता येते. पाण्याची तोंडं बंद करून स्लॅबवर तीन-चार इंच पाणी भरायचं, ते दोन-तीन दिवस तसंच ठेवायचं आणि खालच्या पार्किंगमध्ये बॅटरी घेऊन छत तपासायचं. ओल दिसली तर त्याच वेळी दुरुस्ती होते. बाग लावल्यावर गळती सापडली तर आधी बाग उपसावी लागते, मग कारण शोधावं लागतं, आणि तोवर चुनखडीचं पांढरं पाणी खालच्या गाड्यांच्या रंगावर टपकत राहतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बागेविरुद्ध पहिला सूर लागतो तो इथूनच.

ऊन कोणाच्या वाट्याला

वजनानंतर ऊन. दोन मजली घरांच्या वस्तीत याचा विचार करायची गरज नव्हती. टॉवरच्या वस्तीत बाग कुठे लावायची हे शेजारच्या इमारतीची उंची ठरवते. ठाणे १९ अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो. ७० मीटर उंचीच्या टॉवरची सावली तेव्हा उत्तरेला ६५ मीटरच्या आसपास पडते. म्हणजे उत्तरेच्या पट्टीत हिवाळाभर ऊन नाही. उलट मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो आणि हीच पट्टी मे महिन्यात करपते.

म्हणून लँडस्केपवाल्याने आराखड्याआधी सावलीचा नकाशा दाखवायला हवा: सकाळी, दुपारी, संध्याकाळी, मेमध्ये आणि डिसेंबरमध्ये. आता संगणकावर हे काम सोपं झालंय. तो नकाशा समोर असला की निम्मे वाद मिटतात. मोगरा, जास्वंद, तगर, एक्झोरा उन्हाच्या बाजूला. सावलीत रॅफिस पाम, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, नेचे. उत्तरेच्या बोळात मेक्सिकन लॉन घातली तर ती वर्षभरात विरळ होणार आणि मग कोणीतरी प्लॅस्टिकची हिरवळ सुचवणार. ती पाणी मागत नाही हे खरं, पण मेच्या दुपारी तिच्यावर अनवाणी पाय ठेवून बघावं.

खऱ्या हिरवळीचा पाण्याचा हिशेब तोंडी करता येतो. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर. १०० चौरस मीटर हिरवळीला पाच-सहाशे लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी रोज १३५ लिटर धरतात. म्हणजे ही हिरवळ चार माणसांचं पाणी पिते. पाणीकपातीच्या दिवसांत टँकर मागवताना समितीला हे आठवतं. यूडीसीपीआरप्रमाणे ५०० चौरस मीटरपासूनच्या भूखंडाला पावसाचं पाणी साठवण्याची किंवा मुरवण्याची सोय करावी लागते. ती बहुतेक ठिकाणी कागदापुरती उरकली जाते. तिची टाकी किंवा बोअर बागेच्या नळाशी जोडायचं पहिल्या आराखड्यातच आलं, तर पाइपाचे चार तुकडे जास्त लागतात. नंतर तेच काम करायला फरशी फोडावी लागते.

कोणाला बोलवायचं

'लँडस्केपर' म्हणून जो येतो तो चारपैकी एक असतो. लँडस्केप आर्किटेक्ट हा स्थापत्याची पदवी घेऊन या विषयात पुढे शिकलेला असतो. पुण्याच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयात किंवा अहमदाबादच्या सेप्टमध्ये हे पदव्युत्तर शिक्षण मिळतं. देशात हा व्यवसाय उभा करणाऱ्या पहिल्या फळीत प्रभाकर भागवत हे मराठी नाव आहे. त्यांचं काम अहमदाबादेत बहरलं. हा माणूस नकाशे देतो, भार नि पाणी यांवर इंजिनिअरशी बोलतो. दुसरा कंत्राटदार, जो माती-दगड-झाडं आणून काम उभं करतो. तिसरा नर्सरीवाला, जो आराखडा 'फुकट' देतो आणि तो झाडांच्या दरातून वसूल करतो. चौथा माळी, जो या तिघांच्या चुका पुढची दहा वर्षं निस्तरतो.

चौघांचीही गरज असते, पण एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेतलं की बिघडतं. शेदोनशे चौरस फुटांच्या खासगी गच्चीला जाणता कंत्राटदार पुरतो, भाराचा कागद स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून वेगळा घेतला म्हणजे झालं. आख्ख्या सोसायटीच्या पोडियमला मात्र लँडस्केप आर्किटेक्ट हवा आणि तो विकासकाइतकाच सोसायटीलाही उत्तर देणारा हवा.

माणूस निवडताना फोटोंवर जाऊ नये. काम संपल्याच्या दिवशी प्रत्येक बाग सुंदर दिसते. झाडं नर्सरीतून ताजी आलेली असतात, पिशवीतलं खत संपलेलं नसतं. ज्या बागेने दोन पावसाळे आणि दोन मे महिने काढलेत अशी बाग दाखवायला सांगावी. तिथे गेल्यावर फुलं नंतर बघावीत. आधी खालच्या पार्किंगचं छत बघावं, मग कडेच्या पाण्याच्या जाळ्या आणि मग तिथल्या माळ्याशी पाच मिनिटं बोलावं. नळ लांब आहे का, पाइप ओढत न्यावा लागतो का, किती झाडं बदलावी लागली, याची उत्तरं त्याच्याइतकी खरी कोणी देत नाही.

दरपत्रकात 'चाफा – १० नग' एवढंच लिहिलेलं असेल तर ते परत करावं. झाडाचं पूर्ण नाव, उंची, खोडाची जाडी आणि पिशवीचं माप लिहून घ्यावं. नर्सरीत झाडं पिशवीच्या इंचांवर विकली जातात. आठ बाय दहाच्या आणि एकवीस बाय एकवीसच्या पिशवीतल्या चाफ्याच्या किमतीत कितीतरी पटींचं अंतर असतं. घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांमध्ये एक फेरी मारली की दराचा अंदाज येतो. मोठ्या कामाचा माल मात्र सहसा पुण्याजवळच्या उरुळी कांचन पट्ट्यातून नाहीतर आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने येतो. इतक्या प्रवासाने शिणलेलं झाड थेट पोडियमवर चढवण्याऐवजी दोन-तीन आठवडे हिरव्या जाळीखाली ठेवलं की मर कमी होते. एवढी जागा आणि एवढे दिवस कामाच्या वेळापत्रकात आधीच धरलेले हवेत.

झाडांची यादी

आजच्या पोडियमवर एकच यादी सगळीकडे दिसते: फॉक्सटेल पाम, सोनेरी ड्युरांटा, फायकस, स्पायडर लिली, कडेला कोनोकार्पसची भिंत. यातल्या कोनोकार्पसपासून सावध राहावं. तो झटपट वाढतो, हिरवागार राहतो, म्हणून लोकप्रिय झाला. पण त्याची मुळं पाइपांना आणि गटारांना त्रास देतात आणि परागकणांबद्दल तक्रारी आल्या. गुजरातच्या वन विभागाने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

बाग आधुनिक दिसण्यासाठी झाडं परकी असावी लागत नाहीत. सरळ रेषेचे वाफे, कोटा किंवा कडाप्प्याची पायवाट, बेताचे दिवे हे ठेवूनही कुंतीचं कुंपण करता येतं. ती छाटणी सोसते, वासाची फुलं देते आणि तिच्यावर फुलपाखरं अंडी घालतात. लिंबू नि कढीपत्ता ही तिच्याच कुळातली. राणी पाकोळी, जिला आपण २०१५ मध्ये राज्याचं फुलपाखरू केलं, तिच्या अळ्या याच लिंबूवर्गीय झाडांवर वाढतात. म्हणजे दोन कुंड्या लिंबाच्या ठेवल्या तरी राज्याच्या मानचिन्हाला नौपाड्यात घर मिळू शकतं. फक्त पानं खाल्लेली दिसली की माळ्याने औषध फवारायचं नाही. तीन फूट माती असेल तिथे बकुळ, सीताअशोक. राज्यफूल ताम्हण खऱ्या जमिनीत लावावं.

गच्चीवर भाजी करायची असेल तर त्यालाही आपली परंपरा आहे. श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने उसाचं पाचट, पालापाचोळा, स्वयंपाकघरातला कचरा यांतून माती घडवायची रीत शिकवली. त्याच धाग्यावर मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी पिकती बाग उभी केली. पाचटाचा थर मातीपेक्षा कितीतरी हलका असतो, त्यामुळे भाराचा प्रश्नही सौम्य होतो. सोसायटीचा ओला कचरा खत होऊन वर गेला तर घंटागाडीचा बोजाही तेवढा उतरतो.

जुन्या झाडाचा प्रश्न

नव्या बागेच्या उत्साहात अंगणातला आंबा विसरला जातो. महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण व जतन कायदा १९७५चा आहे. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावून ती सात वर्षं जगवण्याची अट घातली. नौपाड्यातली अनेक अंगणातली झाडं या वयाची आहेत. पन्नास वर्षांच्या एका फणसामागे पन्नास झाडं लावायची, तर एवढ्याशा भूखंडावर ती उभी कुठे करणार? मग 'पुनर्रोपण' पुढे येतं. मोठं झाड हलवायचं तर काही महिने आधी टप्प्याटप्प्याने चर खणून मुळं छाटावी लागतात, नव्या मुळांचा गोळा बांधू द्यावा लागतो, मग पावसाच्या तोंडाशी क्रेन. एका रात्रीत उपटून दुसरीकडे रोवलेलं झाड बहुधा पुढच्या उन्हाळ्यात वाळतं.

लँडस्केप आर्किटेक्ट पहिल्या दिवशी असेल तर तो आधी भूखंडावरच्या झाडांची मोजणी करतो: जागा, घेर, फांद्यांचा पसारा. रॅम्प दहा फूट सरकवला, तळघराचा कोपरा आत घेतला, तर कधीकधी एखादा आंबा जागेवर राहतो. असा एक आंबा पोडियमवरच्या सगळ्या पामांपेक्षा जास्त सावली देतो, आणि त्याला वॉटरप्रूफिंग लागत नाही.

करारात काय लिहायचं

सहकारी संस्थांच्या पुनर्विकासासाठी सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ (अ) खालची मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये आली आणि ४ जुलै २०१९ला सुधारली गेली. त्यांप्रमाणे सोसायटी सल्लागार नेमते, व्यवहार्यता अहवाल घेते, मगच निविदा काढते. बागेची जागा इथे आहे, त्या अहवालात आणि त्या निविदेत. ब्रोशर विकासक कधीही बदलू शकतो. विकास करारनाम्याला जोडलेलं परिशिष्ट बदलायला सोसायटीची सही लागते.

त्या परिशिष्टात शोभेची वाक्यं नकोत. पोडियमच्या कुठल्या भागात किती इंच माती आणि त्यासाठी स्लॅबचा भार किती धरला, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीने. माती टाकण्याआधी सोसायटीच्या प्रतिनिधीसमोर पाण्याची चाचणी. बागेचा नळ कुठल्या टाकीला जोडलाय. कुठली झाडं जागेवर राहणार. ताबा दिल्यावर एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा विकासकाने बाग सांभाळायची, मेलेल्या झाडांच्या जागी त्याच मापाची झाडं लावून द्यायची आणि तोवर लँडस्केप कंत्राटदाराच्या बिलातली काही रक्कम राखून ठेवायची. नव्या सदनिका विकत घेणाऱ्यांना महारेराचं संरक्षण आहे, बांधकामातल्या दोषांसाठी ताब्यापासून पाच वर्षं; जुन्या सभासदांचा आधार मुख्यतः हा करारनामाच.

शेवटचा खर्च माळ्याचा. बाग उभी करायला पैसे एकदा लागतात, सांभाळायला दरमहा, आणि वार्षिक देखभाल करार करताना सोसायट्या पहिली कात्री तिथेच लावतात. आठवड्यातून दोनदा येणारा माळी हिरवळ कापू शकतो. पिठ्या ढेकूण वेळेवर पकडायला रोज बागेत असणारा माणूस लागतो. तो परवडत नसेल तर हिरवळ निम्मी करावी, झुडपं वाढवावीत, कारंजं रद्द करावं. पण हे आराखड्याच्या टेबलावर ठरवावं. म्हणून पुढच्या सभेत कॉर्पस आणि पार्किंगच्या मधोमध, चहा यायच्या आधी, विकासकाला एकच प्रश्न विचारावा: बागेखालचा स्लॅब किती फूट माती धरून काढलाय? उत्तर आकड्यात आलं नाही, तर त्या दिवशी सही करू नये.